लिनक्सवाल्या दुकानासाठी इंटरनेटची जोडणी घेताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय लागते, आणि दुकानांतल्या पुष्कळशा जुन्या संगणकांत ती नसते. धडधाकट यंत्र भंगारात कोण घालील? म्हणून काही व्यापारी बांधव त्याच यंत्रावर लिनक्स घालू लागले आहेत. लिनक्स फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरे चालते. मात्र त्यांचा पहिला सवाल ठरलेला असतो : कोणत्या कंपनीचे इंटरनेट लिनक्सवर चालते?

कंपनीच्या नावावरून याचा निकाल लागत नाही. कंपनी आपल्या टेबलापर्यंत काय आणून देते, त्यावर तो लागतो. हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. १९९८ साली खाजगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली. त्या काळी जोडणी टेलिफोनच्या तारेवरून, मोडेम लावून होत असे. एकाच कंपनीचे दोन गिऱ्हाईक असत. एकाचे लिनक्स झकास चाले, दुसऱ्याचे मुळीच नाही. फरक मोडेमचा. संगणकाच्या बाहेर ठेवायचा, मागच्या सीरियल पोर्टला जोडायचा मोडेम लिनक्सला चाले. पण आत बसवायचे जे स्वस्त मोडेम निघाले, त्यांचे निम्मे काम विंडोजच करी. त्यांना ‘विनमोडेम’ म्हणत. लिनक्सखाली त्यातले बहुतेक मुके. पुढे २००५ साली भारत संचार निगमचे डेटावन ब्रॉडबँड आले, तेव्हा तीच गोष्ट नव्या रूपात दिसली. मोडेम यूएसबीने जोडला तर विंडोजचा ड्रायव्हर लागे; नेटवर्कच्या तारेने जोडला तर लिनक्सला काहीच लागत नसे.

आजही कसोटी तीच आहे. फायबरची तार दुकानात एका लहान डब्यापर्यंत येते. नाव व पासवर्ड त्या डब्यातच भरलेले असतील आणि डब्याच्या मागे नेटवर्कच्या तारेचे चौकोनी छिद्र असेल, तर संगणकावर विंडोज आहे की लिनक्स, याची त्या डब्याला खबरही नसते. तार लावा, काम सुरू. सरकारी निगम असो, मोठी खाजगी कंपनी असो की गल्लीतला केबलवाला, असा डबा देणारा कोणीही चालेल.

अडचण इतर प्रकारांत येते. काही ठिकाणी डबा न देता सरळ तार संगणकाला लावतात आणि जोडणीसाठी आपला प्रोग्राम टाकायला सांगतात. तो बहुधा विंडोजचाच असतो. अशा वेळी विचारावे की, हे पीपीपीओई आहे काय? असल्यास ती सोय लिनक्समध्ये मुळातच असते. फक्त नाव-पासवर्ड कागदावर लिहून घ्यावे. ब्राउझरमध्ये पान उघडून लॉगिन करायचे असेल, तरी हरकत नाही. पण ‘आमच्याच प्रोग्रामशिवाय चालणार नाही’ असे उत्तर आले तर दुसरे दार पाहावे. सिमकार्डचे यूएसबी डोंगल घेण्यापेक्षा मोबाइल फोन यूएसबीच्या तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरणे लिनक्सला सोपे जाते.

तोंडी हमीवर मात्र जाऊ नये. थान उलगडून पाहिल्याशिवाय आपण माल घेत नाही. लिनक्स पेनड्राइव्हवरून, संगणकातले काही न पुसता, चालवून पाहता येते. बसवणारा माणूस आला की संगणक त्या पेनड्राइव्हवर सुरू करून ठेवावा, त्याच्यासमोर तार लावावी, जीएसटीचे पोर्टल व बँकेचे पान उघडून पाहावे, मगच पैसे द्यावेत. बिलाच्या टेबलावर शक्यतो तारच न्यावी, कारण यूएसबीचे काही वायफाय रिसीव्हर लिनक्सला ओळखता येत नाहीत.

वेगाचा आकडा म्हणजे कापडाचा पन्हा. (आम्ही उर्दू शाळेतले लोक पन्ह्याला ‘अर्ज’ म्हणतो; मराठीतला अर्ज भरण्याआधी तो अर्ज पाहावा!) पण बिले व रिटर्न यांना फार मोठा पन्हा लागत नाही. त्यापेक्षा एक गोष्ट आवर्जून विचारावी. घरी बसून दुकानाच्या लिनक्स यंत्रात शिरायचे असेल, तर दुकानाला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता हवा. बऱ्याच कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच आयपी पत्ता देतात. मग बाहेरून थेट आत येता येत नाही. स्थिर आयपी देता काय आणि त्याचे वेगळे किती, हे आधी ठरवून घ्यावे. ज्याला अशी गरज नाही, त्याने त्यावर पैसा घालवू नये.

कुडवा गोंदिया शहराला लागून असले, तरी शहरात मिळते ते प्रत्येक गल्लीत मिळेलच असे नाही. म्हणून जाहिरात वाचण्यापेक्षा शेजारच्या दोन दुकानांत विचारावे : तार कोणाची आली आहे, आणि तुटल्यावर माणूस किती तासांत येतो? मासिक जीएसटीआर-३बी ची मुदत २० तारखेची असते आणि उशिराला, रिटर्न निरंक नसेल तर, रोज ५० रुपये विलंब शुल्क. १९ तारखेला तार तुटली तर वेगाचा आकडा काय कामाचा?

बिघाड झाला की फोनवरचा माणूस बहुधा ‘विंडोज टाका’ म्हणतो. वाद घालू नये. डब्यावरचा एलओएस नावाचा दिवा लाल असेल तर प्रकाश डब्यापर्यंत येतच नाही, तेवढेच सांगावे. त्याच डब्याच्या वायफायवर मोबाइल चालत असेल आणि संगणक नाही, तर मात्र आपले यंत्र किंवा आपली तार तपासावी. वीज गेल्यावर डबाही बंद पडतो, तेव्हा त्याला लहानसा यूपीएस लावावा. टॅलीची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. तो प्रश्न कोणतीही इंटरनेट कंपनी बदलून सुटणार नाही.

सवलतीच्या मोहात वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत; आधी महिना-दोन महिने पाहावे. जोडणी दुकानाच्या नावाने घ्यावी व बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. इंटरनेटवर १८ टक्के कर लागतो, त्याची वजावट मिळते. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना ती मिळत नाही.