बाटलीपासून बाटलीपर्यंत : शुद्धतेचा एक पाठ

पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा एक तुकडा आणि तिच्या झाकणाचा एक तुकडा पाण्यात सोडून पाहा. पहिला बुडेल, दुसरा तरंगेल. बाटली ‘पेट’ या प्लास्टिकची असते; ते पाण्याहून जड. झाकण पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे; ते हलके. जुन्या बाटलीपासून नवी बाटली घडविणारे कारखाने याच गुणधर्माने दोहोंना वेगळे करतात.

पेटचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड व डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी लावला. पेटच्या बाटलीचे पेटंट अमेरिकेत १९७३ मध्ये नॅथॅनियल वायेथ यांना मिळाले. आज ही बाटली घरोघरी आहे.

गोळा केलेल्या बाटल्यांची प्रथम वर्गवारी होते. मग त्यांचे बारीक तुकडे करून ते कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात धुतात. डिंक, कागद, तेलकटपणा निघून जातो. परंतु एखाद्याने त्या बाटलीत रॉकेल वा कीटकनाशक ठेवले असेल, तर त्याचा अंश प्लास्टिकच्या आत मुरलेला असतो. तो धुण्याने जात नाही. म्हणून तुकडे पूर्ण वाळवून वितळवतात, गाळतात, त्यांचे दाणे पाडतात आणि ते दाणे सुमारे २०० अंश सेल्सिअसला, वितळणार नाहीत असे, निर्वात पात्रात कित्येक तास तापवतात. मुरलेली द्रव्ये वायुरूपाने बाहेर पडतात आणि तुटलेल्या रेणुसाखळ्या पुन्हा लांब होतात.

एवढ्यावर विश्वास ठेवला जात नाही. टोल्युइन, क्लोरोफॉर्म यांसारखी द्रव्ये प्लास्टिकमध्ये मुद्दाम मुरवून, प्रक्रियेनंतर ती किती उरली हे मोजले जाते. भारतात २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी पुनर्वापरित प्लास्टिक वर्ज्य ठरविले होते. पुढे मानके ठरवून ही वाट खुली करण्यात आली.

तरीही यंत्राला मर्यादा आहे. पीव्हीसी हे प्लास्टिकही पेटप्रमाणेच पाण्यात बुडते आणि पेट वितळताना त्यातून आम्ल सुटून सारा माल पिवळा पडतो. म्हणून शुद्धीकरणाची पहिली पायरी म्हणजे नीट केलेली वर्गवारी. आपल्याकडे ती बहुतांशी कचरावेचक हातांनी होते. पुण्यात १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला येथे एक विसंगती दिसते. प्रयोगशाळा शुद्धता मोजते, पुरावा मागते, निष्कर्ष तपासते. आपल्या समाजाने मात्र काही माणसांना जन्मावरून अशुद्ध ठरविले आणि त्यासाठी कधीही पुरावा मागितला नाही. ज्यांच्या हातांना अस्पर्श मानले, त्याच हातांनी निवडलेल्या बाटलीतून उद्या सर्वजण पाणी पितील.

तेव्हा मुलांनो, ओला व सुका कचरा वेगळा ठेवा, पाण्याच्या बाटलीत रॉकेल भरू नका, आणि कचरा वेचणाऱ्या मावशींना आदराने हाक मारा. आणि कोणी कशाला अशुद्ध म्हटले, तर विचारा : ते मोजले कोणी, आणि कसे?