दळणवळण तुटते तेव्हा : सैनिकी पथकांचा सामाईक नकाशा

१४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर गस्त घालणाऱ्या अमेरिकेच्या दोन लढाऊ विमानांनी आपल्याच सैन्याची दोन हेलिकॉप्टरे शत्रूची समजून पाडली. त्यांतील सर्व २६ माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेची कारणे अनेक होती. त्यांपैकी दोन प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत. हेलिकॉप्टरे आणि विमाने रेडिओच्या निरनिराळ्या वारंवारतांवर बोलत होती. आणि हेलिकॉप्टरे डोंगरांमधील दरीत शिरताच टेहळणी विमानाच्या रडारवरून त्यांचा माग नाहीसा झाला. हेलिकॉप्टरे त्या प्रदेशात आहेत हे एके ठिकाणी ठाऊक होते; जेथे ते ठाऊक असावयास हवे होते, तेथे ते पोचले नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी सामाईक नकाशाची साधने निर्माण झाली. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेत २०१० मध्ये आरंभिलेली 'टॅक' ही प्रणाली त्यांपैकीच होय. सैनिकाजवळील मोबाइल फोनसारख्या यंत्रावर पथकातील प्रत्येकाचे स्थान दिसते. एकाने केलेली खूण इतरांच्या नकाशावर उमटते. शहरातील कार्यालयात असे सहकार्य सोपे असते. कारण एका मध्यवर्ती संगणकावर मूळ प्रत ठेवता येते. रणभूमीवर मात्र डोंगर आडवे येतात, शत्रू रेडिओलहरींत व्यत्यय आणतो आणि कित्येकदा पथकास स्वतःहूनच मौन पाळावे लागते. अशा स्थितीत सर्वांच्या प्रती एकसारख्या कशा राहाव्यात?

दोन सेनापतींचे कोडे

या अडचणीचे मूळ एका प्रसिद्ध कोड्यात दिसते. ते १९७५ साली मांडले गेले आणि १९७८ साली जिम ग्रे यांनी त्यास सेनापतींचे नाव दिले. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन सेना आहेत. मधल्या दरीत शत्रू आहे. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय मिळेल. पहिला सेनापती दूताबरोबर वेळ कळवितो. परंतु दूत पोचला की नाही हे त्यास कळत नाही. दुसरा पोच पाठवितो. ती पोचली की नाही हे त्यासही कळत नाही. मग पोचेची पोच, तिचीही पोच! समजा, काही ठराविक निरोपांत दोघांची खात्री पटते, आणि त्यांतील सर्वांत लहान संख्या आपण घेतली. शेवटचा निरोप वाटेत हरवू शकतो, आणि तरीही बेत निभावला पाहिजे. म्हणजे तो निरोप अनावश्यक ठरला. मग त्याहून लहान संख्या पुरेशी होती, हे आपल्या गृहीताविरुद्ध आहे. म्हणून अशी पूर्ण खात्री असंभवनीय होय.

यावरून एक व्यावहारिक बोध मिळतो. प्रत्येक नोंदीस सर्वांची संमती येईपर्यंत थांबणारे यंत्र, संपर्क तुटताच निरुपयोगी होईल. म्हणून प्रत्येक यंत्राने आपली प्रत स्वतःजवळ ठेवावी, तीवर काम चालू ठेवावे आणि पुन्हा गाठ पडताच दोन्ही प्रतींचा मेळ घालावा.

मेळ कसा घालावा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उत्तर व दक्षिण अशा दोन चौक्या मागे पाठविलेल्या जखमींची संख्या नोंदवीत आहेत. दोहोंकडे ४ हा आकडा असताना संपर्क तुटला. उत्तरेने आणखी ३ जखमी पाठविले व ७ लिहिले. दक्षिणेने २ पाठविले व ६ लिहिले. संपर्क जुळल्यावर 'शेवटचे लिहिलेले खरे' हा नियम लावल्यास उत्तर ६ किंवा ७ येईल. खरी संख्या तर ९ आहे!

उपाय साधा आहे. प्रत्येक चौकीस स्वतंत्र रकाना द्यावा व त्यात फक्त तिनेच लिहावे. आरंभीचे ४ उत्तरेचे होते असे मानल्यास उत्तरेच्या प्रतीत ७ व ०, तर दक्षिणेच्या प्रतीत ४ व २ असे आकडे असतील. मेळ घालताना प्रत्येक रकान्यातील मोठा आकडा घ्यावा : ७ आणि २, बेरीज ९. निरोप उलटसुलट क्रमाने आले किंवा तोच निरोप तीनदा आला, तरी उत्तर बदलत नाही. अशा रचनांचे सर्वसाधारण शास्त्र मार्क शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडले.

यंत्राने काय ठरवू नये

सर्वच नोंदी अशा बेरजेच्या नसतात. एकाने 'पूल सुरक्षित' असे लिहिले आणि दुसऱ्याने, ते न वाचताच, 'पुलाखाली सुरुंग' असे लिहिले, तर? येथे घड्याळावर भिस्त ठेवणे घातक. कारण दोन यंत्रांची घड्याळे नेमकी जुळतीलच असे नाही. लेझ्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली दाखविले की, घड्याळाऐवजी कार्यकारणाच्या साखळीने क्रम लावता येतो. पुढे या विचाराचा विस्तार होऊन, दुसरी नोंद पहिली वाचून केली आहे की नाही, हेही यंत्रास ओळखता येऊ लागले. वाचून केली असेल, तर ती पहिलीची जागा घेईल. तसे नसेल, तर दोन्ही नोंदी, लिहिणाऱ्याच्या नावासह, अधिकाऱ्यापुढे ठेवणे हेच यंत्राचे कर्तव्य. निवड मनुष्याने करावी.

तसेच प्रत्येक खुणेस वय असते. 'टॅक'मध्ये वापरल्या जाणाऱ्या संदेशरचनेत स्थानाबरोबरच निरीक्षणाची वेळ, संभाव्य चूक किती मीटरांची आणि नोंद केव्हा शिळी होईल, हेही लिहिलेले असते. ही बाब क्षुल्लक नव्हे. रिकामा नकाशा पाहून सैनिक सावध होतो. शिळा नकाशा खरा मानून तो निर्धास्त होतो, आणि त्यातच धोका आहे.

वणवा विझविणारी व आपद्‌ग्रस्तांना साहाय्य करणारी पथकेही आज अशाच प्रणाली वापरतात; कारण आपत्तीत मनोरे कोसळतात व संपर्क तुटतो. सारांश, तुटणे हा अपवाद न मानता नियम मानूनच अशा साधनाची रचना केली पाहिजे. आणि आपणांस काय ठाऊक आहे याबरोबरच ते केव्हा ठाऊक झाले, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.