मागूर धरशील तर देशीच धर

आष्टी, ता. परतूर

चि. भाच्यास,

शेततळ्यात मागूर सोडायचा आणि बीजही घरीच काढायचं म्हणतोस. काढ. पण आधी जात बघ. चार-पाच महिन्यांत किलोभर होतो असं कुणी सांगितलं, तर तो आफ्रिकन मांगूर समज आणि फोन ठेव. त्याच्यावर देशात बंदी आहे. हरित लवादाच्या आदेशानंतर मत्स्यविभागाने राज्यात ठिकठिकाणी ते मासे नष्ट केले. देशी मागूर आठ-दहा महिन्यांत शंभर-दीडशे ग्रॅमच भरतो, भाव मात्र चांगला खातो.

अंडी उतरवायच्या संप्रेरकाच्या इंजेक्शनचं तू उगाच दडपण घेतलंयस. पावसाळा लागला की पोट फुगलेली मादी निवडायची, किलोला 1 ते 1.5 मिली या मापाने संध्याकाळी टोचायची. सोळा-सतरा तासांनी पोटावरून हलका अंगठा फिरवला की अंडी घमेल्यात उतरतात. नराचा चीक मात्र दाबून निघत नाही. नर मारून वृषणं काढायची आणि 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात कुस्करून ते पाणी अंड्यांवर घालायचं. अक्काच्या गळ्यात माळ आहे, तिला हे आधीच सांगून ठेव.

अंडी दिवसाभरात फुटतात आणि खरी कसोटी तिथून लागते. पहिले तीन-चार दिवस जिरे, म्हणजे नुकती निघालेली पिल्लं, पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात, टबाच्या कोपऱ्यात गठ्ठ्याने बसतात. पिशवी संपली की जिवंत खाद्यच हवं: तळ्यातून गाळलेले प्लवंग, नाहीतर आर्टेमिया. नुसती पेंड टाकलीस तर पाणी नासेल, आणि उपाशी पिल्लं एकमेकांना खातील. अंगाने पुढे गेलेली पिल्लं रोज निवडून वेगळी काढ. हे किचकट काम गड्यावर सोडू नकोस.

मागूर वरची हवा घेतो म्हणून निर्धास्त राहतात लोक. पण पिल्लांना ते जमायला दहा-अकरा दिवस लागतात; तोवर पाण्यातला प्राणवायूच त्यांना तारतो. टबात पाणी वीतभरापेक्षा कमी ठेव, बारीक धार चालू ठेव. बोअरचं पाणी टाकीत खेळवून मगच सोड. रात्री लाईट जाते हे तुला सांगायला नको. टाकी उंचावर असली तर मोटारीवाचून धार चालते.

महिन्याभरात बोटुकली झाली की शेततळ्यात सोड, पण भोवती बारीक जाळी लावूनच. ओल्या रात्री हा मासा सरपटत बांध ओलांडतो.

पहिल्या हंगामाला चारच माद्या घे. जास्तीच्या पिल्लांना पुरेल इतकं खाद्य तुझ्याकडे अजून नाही.

तुझा मामा