जुना पत्रा घेण्याआधी आपल्या गाडीचे माप घ्या

शहापूर-मुरबाड भागात मारुती ओम्नी व्हॅनवर पोट भरणारे छोटे व्यापारी व कारागीर अजूनही आहेत. ही गाडी 1984 साली बाजारात आली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. त्यामुळे दरवाजा, डिकी किंवा समोरचा पत्रा खराब झाला की मालक आणि डेंटर जुन्या मालाकडे वळतात. या मालासाठी अनेकांना कुर्ल्याच्या बाजारापर्यंत जावे लागते. शहापूरकरांना आसनगावहून आणि मुरबाडकरांना कल्याणहून लोकल मिळते. पण दरवाजा आणायचा तर टेम्पोच करावा लागतो. पत्रा बसला नाही तर ते भाडे दुप्पट होते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1) सुरुवात आपल्या गाडीपासून करावी. पत्रा बसत नाही तेव्हा दोष पुष्कळदा गाडीच्या सांगाड्यात असतो. ठोकर लागून खांब अर्धा इंच सरकला, तर चांगला दरवाजाही बसणार नाही. ओम्नीला दोन्ही बाजूंनी सरकते दरवाजे आहेत. त्याचा फायदा घ्यावा. दरवाजाच्या चौकटीची उंची, रुंदी आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोन तिरपी मापे घ्यावीत. दुसऱ्या बाजूला नेमक्या त्याच जागांवरून तीच मापे घेऊन ताडून पाहावीत. फरक आढळला तर आधी सांगाडा सरळ करावा, मग खरेदीला निघावे.

2) साल आणि बाजू लिहून न्यावी. या गाडीत 1998 मध्ये आणि पुन्हा 2005 मध्ये बदल झाले. समोरचा पत्रा घेताना दिवे, जाळी आणि बंपर यांची भोके जुळतात का ते पाहावे. पुठ्ठ्यावर भोकांचा फर्मा काढून नेला तर काम सोपे होते. ड्रायव्हर बाजू की क्लीनर बाजू, हेही स्पष्ट सांगावे. ईको ही वेगळी गाडी आहे. तिचा दरवाजा ओम्नीला चालत नाही.

3) रंगावर भुलू नये. लहान लोहचुंबक खिशात ठेवावे. जिथे ते नीट चिकटत नाही तिथे लांबी भरलेली आहे असे समजावे. दरवाजाची खालची कड आतून हाताने तपासावी. पावसाचे पाणी तिथेच साचते व गंज आतून बाहेर येतो. सरकत्या दरवाजाला वर, मध्ये आणि खाली असे तीन रोलर असतात. ते बसवण्याच्या जागा वाकलेल्या नसाव्यात.

4) रंग देण्याआधी बसवून पाहावे. जुने रबर लावून दरवाजा दहा वेळा उघडबंद करावा. कुलूप जोर न लावता लागले पाहिजे आणि फट चारी बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. मग बाहेरून पाणी मारून आत थेंब येतो का ते पाहावे. आपल्याकडच्या पावसात अशी लहान फटही मालाची नासाडी करते.

5) बिल घ्यावे. पत्रा कोणत्या गाडीचा आहे ते विचारून बिलावर लिहून घ्यावे, आणि न बसल्यास परत घेण्याची मुदतही त्यावर लिहून घ्यावी. चासी नंबर ठोकलेला तुकडा घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तसा संशय येण्याजोगे कारण असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तो गुन्हा ठरतो. ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे.

शेवटी हिशेब. समजा दरवाजा 1,500 रुपयांनी स्वस्त मिळाला, पण जादा ठोकपीट 1,000 आणि दुसरी टेम्पोफेरी 800 रुपये झाली, तर बचत संपून 300 रुपये पदरचे गेले. गाडी उभी राहिली त्या दिवसांची कमाई बुडाली ती वेगळीच. डेंटर बंधूंनी तर ही तपासणी गिऱ्हाइकासमोर करावी. पाऊस पडल्यावर गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आले नाही, तर पुढचे काम तेच आणून देते.