टर्बो शेवटी, इंजिन आधी

जुन्या मोटारसायकलला टर्बो बसवायची हौस असलेली पोरं आधी टर्बो विकत घेतात आणि मग तो कुठल्या इंजिनावर चढेल ते शोधत फिरतात. दौलतगंजातल्या माझ्या भाच्यानेही तेच केलं. सुझुकीच्या ६६० सीसी गाड्यांवर येणारा आयएचआयचा छोटा टर्बो त्याने दिल्लीहून आणला आणि तो घरच्या १९६८ च्या बुलेटवर ग्वाल्हेरातल्याच एका वर्कशॉपकडून बसवून घेतला. "मामा, ओतीव लोखंडाचं इंजिन आहे, त्याला काय होणार?" असं तो म्हणायचा. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या घरात असताना झाशी रोडवर इंजिनातून खालच्या बाजूने ठोका यायला लागला आणि गाडी टेम्पोत घालून घरी आणावी लागली.

इंजिन मीच खोललं. ऑइलमध्ये चंदेरी चुरा, क्रँकपिन निळी पडलेली, बिग एंडचा फ्लोटिंग बुश पार घासलेला. पिस्टन मात्र धड होता. लोक हेड आणि पिस्टन बघून इंजिन पास करतात, पण टर्बोचा खरा भार खाली येतो.

त्या इंजिनाचा बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी आणि ३४६ सीसीतून निघणारी ताकद १८ हॉर्सपॉवरच्या आसपास. ऑइलचे पंप तेवढ्याच कामासाठी केलेले, दाब अगदी कमी. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याला अखंड ऑइल लागतं. ते बिग एंडच्या वाट्यातून काढलं की बुश उपाशी राहतो. त्यात सिंगल सिलिंडर: ४,००० आरपीएमला एक्झॉस्टचे धक्के सेकंदाला जेमतेम ३३, आणि दोन धक्क्यांच्या मधे टर्बाइन मंदावतं.

जुन्या टू-स्ट्रोक येझदी आणि राजदूत ३५० च्या वाटेला तर जाऊच नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, टर्बोला द्यायला फिरतं ऑइल नसतंच. शिवाय राजदूतसारख्या इंजिनाची ताकद एक्झॉस्टमधल्या लहरींवर अवलंबून असते. मधे टर्बाइन आलं की ते सगळं गणित मोडतं.

मला विचाराल तर रॉयल एनफील्डचं ६५० ट्विन घ्या. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, एकसंध फोर्ज केलेला क्रँक, दाबाने फिरणारं ऑइल, ऑइल कूलर आणि फ्युएल इंजेक्शन. अडचण एकच, कॉम्प्रेशन ९.५ आहे. होंडाने १९८२ मध्ये सीएक्स ५०० टर्बो काढली तेव्हा मूळ १० चं कॉम्प्रेशन ७.२ वर आणलं होतं, आणि ते इंजिन पाण्याने थंड होणारं होतं. आपल्या उन्हात, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात कॉम्प्रेशन तसंच ठेवून बूस्ट वाढवला तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. पिस्टन बदलायचे नसतील तर बूस्ट अगदी कमी ठेवा आणि इग्निशन मागे घ्या.

आणि घरातल्या जुन्या गाडीला हात लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. आरटीओची परवानगी आधी, पाना नंतर. म्हणून अख्खी ६५० घ्या आणि तिलाच जुनी टाकी, जुनी सीट, जुना दिवा चढवा.

सेकंडहँड घेत असाल तर इंजिन पुरतं तापल्यावर दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा आणि आयडलवर ऑइलचा दाब बघा. ऑइल भांड्यात काढून त्यात लोहचुंबक फिरवा, तळाला चमक दिसते का तेही उन्हात नेऊन पाहा. विकणारा थंड इंजिनावरच सौदा उरकायला बघत असेल, तर तिथून उठा.