पानिपत जिंकलो असतो तर वसईचं काय?

आई-बाबांनो, अभ्यासाबाहेरचं पुस्तक मुलाच्या हातात दिसलं की आपल्या तोंडून हमखास प्रश्न निघतो, "यातून काय शिकलास?" विज्ञानकथेला तर तो जास्तच चिकटतो, कारण तिच्या नावातच विज्ञान आहे. मी या कथांची लहानपणापासूनची वेडी आहे. तुम्हाला कळकळीने सांगते, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. वाचताना कुठे थांबलास, काय पटलं नाही, कशाची धास्ती वाटली, ते विचारा.

मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले. तेव्हापासून त्यांची पुस्तकं पुन्हा काढून वाचते आहे. त्यांची पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी ती टोपणनावाने पाठवली. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला स्वतःच्या नावाचा वशिला नको होता. बक्षीस मिळालं ते कथेला. मुलांना हे आवर्जून सांगा.

मला सगळ्यात जवळची वाटते ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाच्या या प्राध्यापकांना ट्रकची धडक बसते आणि ते पोचतात अशा जगात, जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. ग्रंथालयात बसून ते स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड चाळतात. पानिपतापर्यंत सगळं ओळखीचं, तिथून पुढे मजकूरच वेगळा! पेशवेपुत्र विश्वासरावांना गोळी लागलेलीच नसते. हा प्रसंग कितीदाही वाचला, तरी अंगावर काटा येतो.

आमच्या वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या शेजारच्या मुलीला मी ही कथा दिली. सातवीत आहे ती. दुसऱ्या दिवशी दारातूनच विचारलं, "काकी, मग आपल्या वसईचं काय झालं असतं?" चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, एवढं तिला किल्ल्याच्या सहलीमुळे माहीत होतं. पुढचं मी सांगितलं. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हरवल्यावर दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला वसईत आला. ३१ डिसेंबर १८०२ ला इथेच तह झाला आणि पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पानिपत जिंकलो असतो तर हा तह टळला असता का? ती म्हणाली, टळला असता. मी म्हटलं, सांगता येत नाही, घरातली भाऊबंदकी थोडीच संपली असती? मग ती पुस्तक घेऊन बसली आणि होळकर कोण, ते शोधू लागली. परीक्षेसाठी नव्हे, मला खोटं पाडण्यासाठी.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ वाचल्यावर मात्र घरात कागद आणि डिंक लागेल, कारण त्या कथेतली करामत पिळलेल्या पट्टीवर उभी आहे. कागदाची लांब पट्टी घ्या, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत चला. हात न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून पुन्हा सुरुवातीला येते. आता त्याच रेघेवर कात्री चालवा. दोन कडी मिळतील असं वाटतं, मिळतं एकच, दुप्पट लांब. आधी मुलाला अंदाज करू द्या. उत्तर फोडू नका.

या कथांत उणीव नाही असं नाही. पात्रं कधीकधी व्याख्यान देतात, बायकांच्या वाट्याला फार थोडं येतं. मुलींना ते खटकतं. खटकू द्या, आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्या.

‘वामन परत न आला’ जरा मोठं झाल्यावर द्या, आणि त्याआधी विरार लोकलमध्ये बसायला मिळालं तर तुम्ही वाचा. जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन संस्कृतीच्या ज्ञानावरून घडवलेला वामन हा यंत्रमानव माणसांहून हुशार आहे आणि त्याला आपल्यासारखे आणखी घडवायचे आहेत. कादंबरी १९८० च्या दशकातली. आज आपली मुलं मोबाइलमधल्या यंत्राकडून निबंध लिहून घेतात, तेव्हा ही कादंबरी वाचताना माझ्या पोटात गोळा आला. मला वाटतं, वामनला रोखायलाच हवं होतं. शेजारच्या मुलीला मी गोष्ट तोंडी सांगितली, तर ती वामनच्या बाजूने उभी राहिली. त्याला जन्म दिला माणसांनी, मग एकटं ठेवायचा हक्क त्यांना कोणी दिला, असं तिचं म्हणणं. यावर आमचं अजून जुळलेलं नाही.