दुपारची वेळ टाळू नकोस

मळवली
३ जून २०२५

चि. मुग्धा,

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला तू न्यू जर्सीहून येते आहेस हे ताईने कळवलं आणि घर एकदम जागं झालं. पण तू मला वेगळा निरोप पाठवलास: "मावशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असेल. सगळ्यांसमोर ते मशीन काढायला नको वाटतं. एक दिवस दुपारचं औषध टाळलं तर चालेल का?" फोनवर घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

नाही चालणार.

तुझा आजार आपल्या नात्यागोत्यात कुणाला नीट कळलेला नाही. "बीपी आहे" म्हटलं की सगळे दंडाला पट्टा बांधून मोजतात तो बीपी समजतात. तुझा दाब आहे हृदयाकडून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीत. तिथल्या बारीक वाहिन्या अरुंद झाल्या आहेत आणि हृदयाच्या उजव्या भागाला त्यांतून रक्त ढकलावं लागतं. हा दाब दंडावर कळत नाही. त्यासाठी हृदयात नळी घालून तपासणी करावी लागते, तुझी झाली तशी. तू ओढतेस ते ट्रेप्रोस्टिनिल त्या वाहिन्या सैल करतं. शरीर स्वतः प्रोस्टासायक्लिन नावाचा पदार्थ बनवतं, त्याचाच हा माणसाने घडवलेला भाऊबंद. तो पदार्थ इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत १९७६ साली सापडला, आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. पुढे अमेरिकेत मार्टिन रॉथब्लाट यांच्या मुलीला हाच आजार निघाला, तेव्हा औषधाच्या शोधात असलेल्या रॉथब्लाट यांनी १९९६ साली स्वतःची कंपनी काढली आणि पडून राहिलेलं ट्रेप्रोस्टिनिल पुढे आणलं. श्वासातून घेण्याच्या रूपाला तिथे २००९ मध्ये मान्यता मिळाली. आज चार माणसांत ज्याची तुला लाज वाटते, ते औषध असं आलं आहे.

त्याचा असर काही तासांत ओसरतो, म्हणून दिवसातून ४ वेळा, जागेपणी, साधारण ४-४ तासांनी ते घ्यायचं असतं. कर्जतला गाडीमागे लावलेलं बँकर इंजिन घाट चढून होईपर्यंत काढत नाहीत. तुझ्या हृदयाचा घाट रोजचा आहे. औषध अचानक बंद केलं किंवा एकदम कमी केलं तर दाब उसळून त्रास वाढू शकतो. चुकून एखादी वेळ राहिलीच, तर आठवताक्षणी नेहमीचेच श्वास घे. दोन वेळांचं एकदम भरून काढायचं नाही. तुला ३ श्वासांपासून सुरू करून तीन-तीनने वाढवत ९ वर आणलं आहे. तो आकडा तुझ्या डॉक्टरांचा. बरं वाटतंय म्हणून कमी करणं किंवा दम लागला म्हणून दोन वाढवणं, दोन्ही तुझ्या हातात नाही.

दम लागला म्हणून, हे मुद्दाम लिहिलं. इथे प्रत्येक घरात कुणाकडे तरी दम्याचा पंप असतो आणि धाप लागली की तो ओढायचा हे सगळ्यांना पाठ आहे. तुझं यंत्र पाहून कुणीतरी मायेने म्हणेलच, "अगं, अजून दोनदा ओढ." छातीच्या वॉर्डात नोकरी केली आहे मी, ही माया चांगली ओळखते. तुझं औषध तातडीचा पंप नाही. जास्त झालं तर रक्तदाब उतरून भोवळ येईल. खोकला, घसा खवखवणं, डोकं दुखणं, चेहरा लाल होणं हे होत राहतं; डॉक्टरांना सांगत राहा. पण शुद्ध हरपली, धाप नेहमीपेक्षा वाढली, छातीत दुखलं, पाय सुजले किंवा कुठून रक्त येऊ लागलं, तर पूजा चालू असली तरी मला हाक मार. १०८ ची गाडी बोलावून तळेगाव किंवा निगडी गाठू.

आता इथल्या घराचं. जुलैत मळवलीत पाऊस धरून बसतो आणि वीज जाते. यंत्राची बॅटरी रोज रात्री भरलेली हवी, आणि चार्जर आपल्या २३० व्होल्टवर चालतो का हे तिथेच वाचून घे. दोन यंत्रं दिली आहेत ना? दोन्ही आण, एक बिघडलं तर दुसरं हाताशी. यंत्रात घालायला डिस्टिल्ड वॉटर मी लोणावळ्याच्या मेडिकलमधून आणून ठेवते. बोअरचं, फिल्टरचं किंवा गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी नको. औषध मात्र इथे मिळणार नाही, म्हणून मुक्कामापेक्षा जास्त दिवसांचं घेऊन ये. ॲम्प्यूल फॉइलच्या पाकिटातच राहू देत. पाकीट उघडलं की ७ दिवसांत संपवायची. सकाळी यंत्राच्या कपात ओतलेलं औषध रात्री उरलं तर टाकून द्यायचं आणि यंत्र धुवायचं. त्या कपात दुसरं काहीही पडता कामा नये. काकू निलगिरीचं तेल घेऊन येतील, त्यांना मी बघते. काढे, चूर्णं, दुसऱ्याची डोकेदुखीची गोळी, काहीच परस्पर घेऊ नकोस. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि टीबीच्या रिफॅम्पिसिनने तर तुझ्या औषधाचा जोरच कमी होतो.

सामानाचं सांगते. औषध, यंत्र, बॅटऱ्या सगळं हातातल्या बॅगेत. विमानात हवा आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीसारखी विरळ असते, तेव्हा ऑक्सिजन लागेल का हे डॉक्टरांना आधीच विचार. साडेनऊ तासांच्या फरकात ४ वेळा कशा बसवायच्या, तेही त्यांच्याकडूनच लिहून घे. मुंबईहून येताना शनिवार-रविवार टाळ. भुशी डॅमच्या गर्दीत घाटात तास-तास गाडी हलत नाही. यंत्र डिकीत टाकू नकोस.

एकवीरा आईचंही मनात आहे तुझ्या. कार्ल्याच्या त्या पायऱ्या तू चढायच्या नाहीस. ओटी मी वर नेऊन भरते, तू खालून हात जोड. भाजे, लोहगडही नाही. उंचीपेक्षा चढण्याचे श्रम तुला घातक आहेत.

आणि "गोड बातमी कधी?" हे विचारलं जाणारच. या आजारात गरोदरपण आईच्या जिवावर बेतू शकतं, आणि तू घेतेस ती अँब्रिसेंटानची गोळी गर्भाला अपाय करते. याचं उत्तर तू द्यायचं नाहीस, विचारणाऱ्याला माझ्याकडे पाठव. मी एकेकीला बाजूला घेऊन सांगेन.

मशीन लपवायचं नाही, हे माझं म्हणणं आहे. लपवलं की वेळ टळते, आणि तू मोरीत पडलीस तर बाहेरच्यांना काय झालं ते कळणारही नाही. दुपारच्या पंगतीआधी माजघरात खुर्ची टाकून ठेवते. सगळ्यांच्या देखत बस, यंत्राच्या नळीभोवती ओठ घट्ट मिटून सावकाश ९ श्वास घे, मग लगेच उठू नकोस. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. मुलं विचारतील, त्यांना सांग.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून एक पत्र घे: आजाराचं नाव, औषधं, श्वासांची संख्या, त्यांचा फोन, आणि हे औषध अचानक थांबवू नये अशी स्पष्ट सूचना. त्याचा फोटो मला पाठव. तो आल्यावरच आजीला तुझी तारीख सांगेन.

तुझी,
शैलामावशी